तीन गुंठ्यांत एक डबा, वर दोन फूट बर्फ

मागच्या अंकात या सदरात जिओकॅशिंगवर चार ओळी टाकल्या होत्या, की असा असा एक खेळ असतो, कुणीतरी डबा लपवतं, त्याचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतं आणि बाकीचे तो जीपीएसवरून हुडकत जातात. मला वाटलं देवगिरीचे, गौताळ्याचे प्रश्न येतील. आले ते जवळजवळ सगळे बर्फाचे! तसं नवल नाही म्हणा, आपल्या मराठवाड्यातली लेकरं आता कुठं कुठं जाऊन बसलीत आणि त्यांच्यामागं आई-बापाच्याही वाऱ्या सुरू झाल्यात. मी स्वतः नवऱ्याच्या नोकरीपायी काही वर्षं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राहिले, हा नाद तिथंच लागला, त्यामुळं या वेळचं सदर बर्फालाच देऊन टाकते. पत्रं जागेसाठी जरा छाटलीत, राग नसावा.

ताई, नमस्कार. मुलगी-जावई मिनेसोटातल्याच मिनियापोलिसला असतात, डिसेंबरात आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी जायलोत. नातू अकरा वर्षांचा आहे, रविवार आला की डबे शोधत फिरतो म्हणे. आता म्हणतोय आजोबा आले की आपण बर्फात जाऊ. मी सगळी नोकरी परभणी जिल्ह्यात केली, बर्फ पाहिला तो रसवंतीवरचा. हा खेळ नेमका काय, आणि एवढ्या बर्फात डबा सापडतो तरी कसा? (निवृत्त शिक्षक, परभणी)

गुरुजी, आधी खेळ सांगते. २००० सालापर्यंत अमेरिकेचं सरकार सामान्य माणसाला जीपीएसचा सिग्नल मुद्दाम बिघडवून द्यायचं, म्हणजे तुम्ही शाळेच्या फाटकात उभे असाल तर यंत्र तुम्हाला शंभर मीटर पलीकडं दाखवणार. १ मे २००० ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही भेसळ बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि लगेच ३ मे ला डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ झाडीत एक बादली ठेवली, आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि चक्क बीन्सचा डबा, आणि जागेचे आकडे इंटरनेटवर टाकून दिले, शोधा म्हणाला. लोकांनी शोधली. तेव्हापासून हे चालूच आहे, आज जगभरात तीस लाखांच्या वर डबे लपवलेले आहेत. नियम फार नाहीत, डबा सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची, आतली एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची आणि डबा जसा होता जिथं होता तसाच परत.

आता बर्फ. इथं जरा गणित करू, तुम्हाला आवडेल. फोनचा जीपीएस मोकळ्या आभाळाखाली साधारण ५ मीटर इकडं-तिकडं दाखवतो. ज्यानं डबा लपवला त्याचाही फोन तेवढाच चुकलेला असू शकतो. दोन्ही चुका एकाच अंगाला पडल्या तर १० मीटर झाले, म्हणजे तुम्ही ज्या वर्तुळात शोधणार ते ३१४ चौरस मीटरचं, आपल्या हिशेबानं तीन गुंठे अन् वर थोडं. उन्हाळ्यात तीन गुंठ्यांत नजर फिरवली की काहीतरी खटकतंच, जरा जास्तच नीट रचलेल्या काटक्या, तिथला न वाटणारा दगड. दोन फूट बर्फ पडला की खटकायला काही उरतच नाही, तीन गुंठे सगळे सारखे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चातली गारपीट आठवा, शेतं पांढरी झाली होती आपल्याकडं, ती तर काही इंचांचीच होती. मिनियापोलिसला एका मोसमात सगळा मिळून पन्नासेक इंच बर्फ पडतो.

म्हणून पहिली गोष्ट, हे तीन गुंठे खोदायचे नाहीत. मी तर म्हणते बर्फातला डबा सापडतो तो घरी सोफ्यावर बसून, बाहेर जायचं ते नुसतं हातात घ्यायला. नातवाला शेजारी बसवा आणि दोघं मिळून ॲपवर डब्याचं पान नीट वाचा. हिवाळ्यात मिळण्यासारखा डबा असेल तर मालकानं, म्हणजे ज्यानं डबा लपवला त्यानं, तिथं बर्फाच्या पाकळीचं चिन्ह लावलेलं असतं, पण मी त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवत नाही, कारण काही लोक कौतुकानं सगळीकडंच ते चिकटवून ठेवतात. त्यापेक्षा आधी शोधून गेलेल्यांनी त्या पानावर लिहिलेल्या जुन्या नोंदी खाली सरकवत जा आणि मागच्या वर्षीचा जानेवारी-फेब्रुवारी काढा. त्या दिवसांत कुणाला सापडलाय का? सापडला असेल तर डबा बर्फाच्या वर आहे, विषय संपला. ऑक्टोबरपर्यंत रांगेनं सापडलाय आणि मग एकदम एप्रिल, तर समजून जा की तो जमिनीवर आहे, सोडा त्याला, एप्रिलमध्ये नातू एकटा काढेल.

मग हिंट वाचायची, म्हणजे मालकानं दिलेली खूण. ‘बुंध्याशी’, ‘ओंडक्याखाली’, ‘दगडाआड’ असलं काही असेल तर नको. ‘डोळ्यासमोर’, ‘लोंबकळतोय’, ‘लोहचुंबक’ असलं असेल तर घ्या. साइझ पण बघा. मोठा डबा बर्फात बरा असं आपल्याला वाटतं पण खरं उलटं आहे, मोठे डबे जड म्हणून जमिनीवर ठेवतात आणि बर्फाखाली जातात, त्यापेक्षा बोटाएवढी धातूची नळी स्प्रूसच्या (तिकडचं सूचिपर्णी झाड) फांदीला तारेनं अडकवलेली असते ती बारा महिने तिथंच लटकत राहते. आणि डिफिकल्टी (डबा शोधायला किती अवघड) आणि टेरेन (तिथवर पोचायला किती अवघड) यांचे आकडे असतात १ ते ५, ते बहुतेक वेळा कोरड्या जमिनीवरून ठरवलेले असतात. टेरेन दीड लिहिलंय म्हणून निघालात आणि पार्किंगपासून डब्यापर्यंत कुणी बर्फच काढलेला नाही, तर तो दीडाचा साडेतीन झाला. तुमच्या वयाला मी म्हणेन की ज्या बागेतल्या वाटा मशीननं साफ करतात तिथलेच निवडा, वाटेपासून चार पावलांत हाताला येतील असे.

जागेवर गेलात की शेवटचे दहा मीटर फोन खिशात. तो बाण तिथं गरागरा फिरतो आणि माणूस त्याच्या मागं वेड्यासारखा चकरा मारतो, बर्फ तुडवला जातो आणि होता तो पुरावापण जातो. उभं राहायचं आणि विचार करायचा, मला लपवायचा असता तर कुठं ठेवला असता. आधी डोळ्याच्या उंचीला बघा, मग कमरेच्या, खाली सगळ्यात शेवटी. तुम्ही पोरांच्या कॉप्या पकडलेल्या आहेत, तुम्हाला हे जमणार बघा. खाली चाचपायचंच झालं तर ट्रेकिंगची काठी मुठीच्या बाजूनं हळू दाबायची, पत्र्याचा डबा असेल तर आवाज वेगळा येतो. टोकानं खुपसायचं नाही, थंडीत प्लास्टिक कडक होऊन तडकतं आणि मग मालकाला मे महिन्यात लगद्याची वही मिळते.

आणि वेळ. डिसेंबरात तिकडं साडेचारला सूर्य मावळतो, जेवून, वामकुक्षी करून निघालात तर अंधारात पोचाल. सकाळी दहाला निघा.

ताई, मी मूळचा अहमदपूरचा, सध्या कॅनडात एडमंटनला शिकतोय. उणे वीसला फोन ४० टक्क्यांवरून एकदम बंद पडतो, घरी आणलं की परत चालू! फोन खराब आहे का? शिवाय लॉगबुकात, म्हणजे डब्यातल्या वहीत, पेन उठत नाही. (विद्यार्थी)

फोन ठीक आहे रे तुझा. लिथियम-आयन बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, आतला विरोध वाढतो, मग फोननं जरा जास्त करंट मागितला, आणि जीपीएस प्लस फुल ब्राइटनेस म्हणजे मागणारच, की व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि फोनला वाटतं बॅटरी संपली. चार्ज आतच असतो, ऊब मिळाली की परत दिसतो. ॲपलसारखी कंपनी स्वतःच सांगते की आयफोन ० ते ३५ अंशांत वापरा, म्हणजे उणे वीस हे त्यांच्या हिशेबात धरलेलंच नाही (आणि खरं सांगायचं तर आपला मे महिनापण नाही).

उपाय सोपा आहे, फोन बाहेरच्या जॅकेटच्या खिशात ठेवायचा नाही, आतल्या थरात छातीशी ठेवायचा, बघायचं, दिशा डोक्यात घ्यायची, परत आत. घरून निघतानाच नकाशा आणि डब्याचं पान ऑफलाइन उतरवून ठेव, हिंट आणि शेवटच्या दोन-चार नोंदी स्क्रीनशॉट मारून ठेव. पॉवर बँकपण त्याच आतल्या खिशात, आणि फोन गार पडलेला असताना बाहेरच चार्जिंगला लावू नको, शून्याच्या खाली लिथियम बॅटरी चार्ज केली की तिचं कायमचं नुकसान होतं. हँड वॉर्मरच्या पुड्या मिळतात त्या खिशात टाकल्या तर बरं, पण थेट फोनला चिकटवू नको. घरी आल्यावर फोन लगेच बाहेर काढून टेबलावर ठेवला की त्याच्यावर दव धरतं, त्यापेक्षा झिपच्या पिशवीत घालून अर्धा तास राहू दे. आणि या नादात खरंच पडणार असशील तर वेगळा हातातला जीपीएस घे, एए सेलवर चालणारा, त्यात साधे अल्कलाइन सेल नको, लिथियमचे एए सेल टाक, ते उणे चाळीसपर्यंत काम करतात.

पेनचं म्हणशील तर बॉलपेनची शाई थंडीत घट्ट होते आणि जेल पेनातली तर पाण्याचीच, ती गोठते. शिसपेन्सिल ने. दोन ने, एक पडतेच, आणि पांढऱ्यात पडलेली पेन्सिल शोधणं हा वेगळाच खेळ आहे. डबा बंद करताना कडेला चिकटलेला बर्फ कोरड्या फडक्यानं पूस, एक कण राहिला तरी झाकण नीट बसत नाही, तो वितळतो, वही भिजते, मग सगळं परत गोठतं आणि पुढच्याला विटेसारखी वही मिळते. झाकण गोठून बसलेलं असेल तर दगडानं ठोकू नको, लाइटर तर अजिबात नको, मिटनमध्ये (चार बोटं एकत्र राहतात तो हातमोजा) धरून दोन मिनिटं ऊब दे. नाहीच उघडलं तर फोटो काढून मालकाला कळव, बहुतेक मालक असल्या दिवसांत समजून घेतात.

बर्फात पावलं उमटतात. मग आधी कुणी गेलं असेल तर सरळ त्याच्या मागं जायचं, यात शोधण्याची मजा काय राहिली? (जालना)

मजा नाही, पण गुडघे वाचतात. मी तर सरळ जाते मागं. फक्त एक, ती पावलं डबेवाल्याचीच आहेत हे कशावरून? एकदा नीट जाऊन परत आलेली, झाडापाशी चारी बाजूंनी तुडवलेली असली तर आपला माणूस. माणसाच्या पावलांच्या एका बाजूनं प्राण्याची पावलं, अधेमधे पिवळा बर्फ, तर कुत्रं फिरवणारा. आणि दहा ठिकाणी तुडवलंय पण कुठंच थांबल्यासारखं वाटत नाही, तर त्याला बिचाऱ्याला सापडलेलाच नाही, त्याच्या मागं जाऊन तुम्हालाही सापडणार नाही. उलट बाजूपण बघा, तुमची पावलं रस्त्यावरून जाणाऱ्यांनापण दिसतात, ज्यांना खेळ माहीत नाही ते उत्सुकतेनं जातात आणि डबा गायब होतो. म्हणून निघताना दोन-तीन झाडांभोवती उगाच चकरा मारून ठेवायच्या. पहिला शोधणारा व्हायची हौस असेल तर ताज्या बर्फावर एकही पाऊल नसणं याच्याइतकी चांगली खबर नाही.

माझी बहीण टोरांटोला असते, सासूबाई आणि मी जानेवारीत जायलोत, भाचे या खेळाला घेऊन जाणार म्हणतात. इथं दुकानात थर्मल मिळतात ते घेतलेत. पुरतील का? सासूबाईंना शुगर आहे. (अंबाजोगाई)

ताई, थर्मलच्या आत लेबल बघा. आपल्याकडं मिळणाऱ्या बऱ्याच थर्मलमध्ये कापूस असतो आणि कापूस घाम पिऊन बसतो, ओला झाला की अंगातली ऊब ओढून नेतो. हा खेळ म्हणजे दहा मिनिटं बर्फातून धाप लागेपर्यंत चालणं आणि मग वीस मिनिटं एका झाडाखाली स्तब्ध उभं राहून फांद्या न्याहाळणं, म्हणजे आधी घाम आणि मग गारठा, कापसाला याच्याइतकी वाईट वेळ नाही. अंगालगत पॉलिस्टर किंवा लोकर, त्यावर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, आणि सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट. चालताना जरा गार वाटलं पाहिजे, गरम व्हायला लागलं की घाम यायच्या आधी चेन उघडायची, थांबलं की परत लावायची. तुमच्या हातचा लोकरीचा स्वेटर असेल तर बिनधास्त न्या, लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही. आणि आपली माकडटोपी! तिकडं भाचे हसतील, हसू द्या, कान-गाल-मान सगळं एकात झाकणारी तिच्यासारखी वस्तू नाही, तिकडं हेच बॅलाक्लाव्हा म्हणून चांगल्या पैशाला विकतात.

हातमोजे पाच बोटांचे नको, मिटन घ्या, बोटं एकमेकाला ऊब देतात, आत पातळ मोजा घाला म्हणजे डबा उघडताना पूर्ण उघडा हात करावा लागत नाही. बूट घेताना जाड मोजा घालून बघा, घट्ट झाला तर रक्त फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतो. साफ केलेल्या वाटेवरपण पातळ बर्फाचा थर असतो, काचेसारखा दिसतही नाही, म्हणून बुटांवर चढवायचे रबरी पट्ट्यांचे काटे मिळतात ते सासूबाईंना घ्याच. गुडघाभर बर्फात शिरायचं असेल तर स्नोशू, म्हणजे बुटाखाली बांधायचे रुंद तळवे, लागतात, भाड्यानं मिळतात, वजन पसरतं म्हणून माणूस खचत नाही. बर्फावर कधी कधी दुधावरच्या सायीसारखा कडक थर धरतो, वरून वाटतं टिकेल आणि पाचव्या पावलाला मांडीपर्यंत पाय आत, तिथं स्नोशूशिवाय जाऊ नका.

शुगरचं मात्र गंभीरपणे घ्या. बऱ्याच वर्षांची शुगर असेल तर पायांची जाणीव कमी झालेली असते, बोटं बधिर झाली तरी त्यांना कळणार नाही, त्यामुळं त्यांना विचारून उपयोग नाही, तुम्हीच मधे मधे गाडीत बसवून मोजे काढून बघायचं. हवा उणे १८ आणि ताशी २४ किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. कातडी पांढुरकी, मेणासारखी दिसायला लागली की लगेच आत. चोळायचं नाही, बर्फानं तर नाहीच नाही, आणि शेकोटीजवळ किंवा हीटरवरपण धरायचं नाही कारण भाजलेलं कळत नाही. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात पाय बुडवायचे आणि डॉक्टर. कुणी थरथरत असेल, अडखळायला लागलं, बोलणं जड झालं, तर डबा राहू द्या तिथंच.

तिकडं म्हणे तळं गोठलं की मधल्या बेटावरच्या डब्याकडं लोक चालत जातात. खरंय का? (नांदेड)

खरंय. बेटावरच्या डब्याला टेरेन ५ असतं कारण नाव लागते, आणि जानेवारीत तोच डबा माणूस थर्मास घेऊन चालत जाऊन काढून येतो. काही लोक वर्षभर अशा डब्यांची यादी करून थंडीची वाट बघतात. जायकवाडीचा नाथसागर गोठलाय आणि आपण मधल्या बेटावर पायी निघालोय अशी कल्पना केली तरी माझ्या पोटात आजही गोळा येतो.

मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं सांगतं की माणसानं पायी जायला निदान ४ इंच स्वच्छ, पारदर्शक, नवा बर्फ पाहिजे. पांढरा, दुधी बर्फ असेल तर त्याची ताकद निम्मीच धरायची. आणि तळ्यावर पडलेला भुसभुशीत बर्फ गोधडीचं काम करतो, खालचं पाणी गोठायचा वेग कमी होतो, त्यामुळं वरून जाड पांढरं दिसतंय म्हणून खाली भक्कम असेलच असं नाही. ओढा जिथं तळ्याला मिळतो, पुलाखाली, लव्हाळ्याच्या कडेला बर्फ पातळ असतो. तिथले मासे धरणारे लोक गिरमिटानं भोकं पाडून जाडी मोजत मोजत पुढं जातात. तुमच्या पाहुण्यांकडं ते गिरमिट नसेल आणि सोबत कुणी जाणतं नसेल तर बेट उन्हाळ्यात करा, नावेनं.

आम्ही चार मित्र जानेवारीत गुलमर्गला चाललोय. तिथं जिओकॅशिंग करावं का? जीपीएस उपकरण नेलं तर चालतं का? (छत्रपती संभाजीनगर)

भाऊ, भारतात डबे विरळच आहेत, जायच्या आधी ॲपवर तिथला नकाशा उघडून बघा आणि एखादा दिसला तरी वरचंच गणित, शेवटच्या नोंदी कुठल्या महिन्यातल्या आहेत ते. व्हर्च्युअल नावाचा प्रकार असतो त्यात डबा नसतोच, जागेवर जाऊन फोटो काढायचा किंवा प्रश्नाचं उत्तर द्यायचं, तो दिसला तर आधी तो. कारण आपल्या देशात रेल्वे स्टेशनवर लहानपणापासून ऐकत आलोय की बेवारस वस्तूला हात लावू नका, आणि काश्मीरमध्ये, लष्कराच्या हद्दीजवळ, चार तरुण फोन बघत झाडाखालचा डबा चाचपतायत हे दृश्य कुणाला समजावून सांगत बसणार तुम्ही?

साधा जीपीएस ही एक गोष्ट झाली, पण ज्यातून सॅटेलाइटवरून मेसेज जातो, एसओएसचं बटण असतं, ती उपकरणं आणि सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय नेणं आपल्याकडं बेकायदा आहे, विमानतळावर त्यापायी लोकांना ताब्यात घेतलेलं आहे. मित्रानं परदेशातून आणलेलं असेल तर घरीच ठेवा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं, तेव्हा चौघांत निदान दोघांकडं पोस्टपेड पाहिजे आणि नकाशे ऑफलाइन.

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळपास ४,००० मीटरवर नेऊन सोडतो. वर गेलात की नेमलेल्या पट्ट्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, मग ॲपवर समोर काहीही दिसू दे. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हिमस्खलनाचा धोका सगळ्यात जास्त असतो आणि अफरवटच्या बाजूला तसे उतार भरपूर आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथंच दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले, पुढच्या फेब्रुवारीत एक रशियन. ही सगळी पट्टीची स्की करणारी मंडळी होती, आपण तर शूज भाड्यानं घेणारे. खाली देवदाराच्या झाडीतही एक सांगून ठेवते, बर्फानं वाकलेल्या फांद्यांखाली बुंध्याभोवती पोकळी असते, वरून दिसत नाही, माणूस त्यात डोक्यावर पडला तर स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. डब्यासाठी असल्या बुंध्याशी एकट्यानं वाकायचं नाही, दुसरा दोन हातांवर उभा पाहिजे.

बर्फाचं कौतुक लय झालं. इकडं आमच्याकडं हा खेळ करता येतो का नाही? (धाराशिव)

येतो की वो! आणि खरं तर हिवाळा हाच आपला मोसम आहे, इकडं डबा झाकतो तो बर्फ नाही, श्रावण झाकतो. जूनमध्ये मोकळ्या माळावर ठेवलेला डबा ऑगस्टात कमरेएवढ्या गवतात आणि काळ्या रानातल्या चिखलात जातो, चप्पल निघते, पाय निघत नाही. मिनेसोटावाला जे जानेवारीच्या नोंदींत बघतो ते तुम्ही ऑगस्टच्या बघा, पद्धत तीच. लपवायचा असेल तर छातीच्या उंचीला, रबरी रिंगचं घट्ट झाकण असलेला, जमिनीत पुरायचा नाही (तसा नियमच आहे), दुसऱ्या डब्यापासून निदान १६१ मीटर लांब आणि जागामालकाला विचारून. देवगिरी, वेरूळ असल्या संरक्षित जागांच्या दगडांत काही कोंबायचं नाही, १९५८ चा स्मारकांचा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी नसतंच कोंबायचं.

तुमच्याकडं येळवस (वेळ अमावस्या) असते, त्या दिवशी अर्धं गाव रानात असतं, कोपीपाशी भज्जी-आंबील झाली की पोरांना दुपारभर काय करावं कळत नाही. आपल्याच शेतात, ॲपवर न टाकता, चार डबे लपवा, आकडे चिठ्ठीवर लिहून द्या आणि फोन त्यांच्या हातात द्या. विहिरीच्या कडेला आणि कडब्याच्या गंजीत तेवढं ठेवू नका, विहिरीचं कारण सांगायला नको, आणि गंजीत साप असतो.